तिनं खाली पाहिलं नव्हतं

त्या मुलीनं परीक्षेत एकदाही खाली पाहिलं नव्हतं. हे मला माहीत होतं. तरीही मी तिला सांगितलं की तू खाली पाहिलंस, कॅमेऱ्यानं ते टिपलं आणि म्हणून तुझी परीक्षा बाद झाली. ती एवढंच म्हणाली, "हो काका, झालं असंल तसं." आणि पायऱ्या उतरून गेली. ही माझी चूक. पुढं जे लिहितो आहे तो या चुकीचा खुलासा समजू नये. खुलासे मी स्वतःला दहा महिने पुष्कळ दिले, एकही टिकला नाही.

पुसदला बसस्थानकाजवळ एका गाळ्यात माझं ऑनलाइन सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, झेरॉक्स मशीन, लॅमिनेशनचं मशीन, आणि मागं प्लायवूडचं पार्टिशन घालून केलेली एक लहान खोली. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, पीक विमा, रेशन कार्डावर सुनेचं नाव चढवणं, अशी सगळी कामं. डी.एड. करून मास्तर व्हायचं होतं, ते झालं नाही. मग या खुर्चीवर बसलो आणि इथंच केस पिकले. गावात माझं नाव एका गोष्टीसाठी आहे. "त्याच्या हातचा फॉर्म वापस येत नाही," असं लोक म्हणतात. उमरखेडहून, दिग्रसहून माणसं एस.टी.नं येतात, तिथं सेंटरं असूनसुद्धा. या वाक्यानं मला किती सुख दिलं आणि पुढं माझ्याकडून काय करून घेतलं, ते त्या मुलीमुळं कळलं.

आमच्या धंद्यातली एक रीत इथं सांगायला हवी. फॉर्मवर ईमेलचा रकाना असतो. येणाऱ्या दहातल्या नऊ जणांकडं ईमेल नसतो, आणि ज्याच्याकडं असतो त्याला पासवर्ड आठवत नाही. म्हणून सेंटरवाला स्वतःचाच ईमेल टाकून मोकळा होतो. ओटीपी तिथल्या तिथं येतो, काम पाच मिनिटांत होतं, गिऱ्हाईक खूश. अशानं माझ्या एकाच मेलबॉक्समध्ये अर्ध्या तालुक्याची टपाल येऊन पडायची. कुणाचा विमा मंजूर, कुणाचा अर्ज त्रुटीत, कुणाच्या पोराचं हॉल तिकीट. मी ओटीपीपुरता मेल उघडायचो आणि बंद करायचो. कुणाचं काही अडलं तर तो माणूस स्वतः येईलच, असा हिशेब. ही रीत मी शोधून काढली नाही, पण ती बरी आहे असं मानत आलो.

ती मुलगी पहिल्यांदा आली ती वडिलांबरोबर. नर्सिंग झालेली, पुसदमधल्याच एका खाजगी दवाखान्यात नोकरी करणारी. घर पुसदहून थोड्या अंतरावरच्या बंजारा तांड्यात. वडील कापूस-तुरीची शेती करणारे, डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी. मुलगी काउंटरच्या काचेकडं पाहत बोलत होती.

"काका, मले इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. ऑनलाइन. घरूनच देता येते म्हणतात, पन आमच्या तांड्यात नेट टिकत नाही."

एका परदेशी दवाखान्यानं तिला मुलाखतीत निवडलं होतं. आता फक्त इंग्रजी येतं याचं प्रमाणपत्र हवं होतं, तेही महिन्याच्या आत. तोवर नाही आलं तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. हे सगळं तिनं काचेलाच सांगितलं. मी नियम वाचून दाखवले. खोलीत दुसरं कुणी नको. भिंत मोकळी पाहिजे. कान झाकायचे नाहीत. तासभर नजर पडद्यावर. इकडंतिकडं पाहिलं, वारंवार खाली पाहिलं, तर परीक्षा बाद.

ती म्हणाली, "काका, तेच भेव आहे. मोठं मानूस समोर असलं का माही मान आपोआप खाली जाते. घरी बापू, वॉर्डात डॉक्टर. लहानपनापासून तशीच सवय आहे."

"कॅमेऱ्यात कुठं मोठा माणूस असते?" मी म्हणालो. वडील हसले. तीही हसली, खाली पाहूनच.

नाव नोंदवताना तिनं मोबाइल पुढं केला. "माहा ईमेल आहे काका, मी रोज पाहत असतो." आमच्याकडं मुलीही बोलताना 'पाहत असतो' म्हणतात. तिचा ईमेल चालू होता, पासवर्ड पाठ होता. माझ्या काउंटरवर असं फार थोड्या वेळा घडतं. मी म्हणालो, "राहू दे, माहाच टाकतो. सोपं जाते." तिनं मोबाइल पुन्हा पर्समध्ये ठेवला. तो पर्समध्ये जाताना मला अजून दिसतो.

परीक्षा होती जुलैच्या शेवटी, पीक विम्याची मुदत संपायला आलेली. सेंटरसमोर रांग. तरी मी तिच्यासाठी तासभर सगळं थांबवलं, हे खरं आहे आणि ते माझ्या बाजूनं मोजू नये. मागच्या खोलीतलं कळंबच्या चिंतामणीचं कॅलेंडर मी स्वतः काढलं. भिंत मोकळी केली. तिचा पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर मीच धरला, ट्यूबलाइटखाली, घाईत. कागदावर उजेडाचा एक पांढरा पट्टा आल्यासारखा वाटला. "चालते," मी म्हणालो आणि बटण दाबलं. मग बाहेर येऊन दार लोटलं, झेरॉक्स मशीन बंद केलं, आणि खोलीत आवाज जातो म्हणून दारावरचा पंखाही.

रांगेतले एक म्हातारबा वैतागले. "झेरॉक्स बंद, पंखा बंद, बोलनं बंद. कोनाचं लग्न लागून राह्यलं का आत, का कोनी गेलं?"

"हळू बोला बाबाजी. इंग्रजीची परीक्षा चालू आहे आत."

"मंग मास्तर कुठी आहे?"

"मास्तर कॅमेऱ्यात आहे."

"बाप्पा! मास्तर कॅमेऱ्यात, तं छडी कोन मारते?"

रांग तोंडावर रुमाल धरून हसली. मुलीचे वडील मात्र हसले नाहीत. ते प्लायवूडला कान लावून उभे होते. आत तिचा आवाज सुरू झाला होता. पडद्यावर एक चित्र येतं आणि त्याच्याबद्दल बोलायचं असतं. ती बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. मला सगळं कळत नव्हतं, माझं इंग्रजी फॉर्मपुरतं. पण वाक्यं पूर्ण होत होती.

"भाऊ," वडील माझ्या कानाशी म्हणाले, "मले एक शब्द समजून नाही राह्यला. पन आवाज वळखू येते न. कापून नाही राह्यला."

प्लायवूडला एका जागी फट आहे. मी तिथून एकदा पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं. ती ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर समोर. घाम हनुवटीपर्यंत आला होता, तो पुसायलाही तिनं हात उचलला नाही. नंतरही दोनदा पाहिलं, तेव्हाही तशीच. म्हणून म्हणतो, मला माहीत होतं.

बाहेर आली तेव्हा ओढणीनं तोंड पुसत म्हणाली, "काका, झालं वाटते चांगलं." वडिलांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिला दिली. निकाल दोन-तीन दिवसांत येईल, मी फोन करतो, असं मी सांगितलं.

त्यानंतरचे पाच दिवस विम्याचे. सकाळी सातला शटर वर, जेवण काउंटरवर. मेल उघडायचो तो ओटीपीपुरता. सहाव्या दिवशी गर्दी ओसरली आणि मला तिची आठवण झाली. मेलबॉक्समध्ये खाली खाली जात गेलो, तर शेदीडशे मेलांच्या खाली तिचा मेल होता, परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी आलेला. शब्दकोश लावून दोनदा वाचला. परीक्षेची तपासणी झाली आहे, तीत काही आक्षेप नाही. फक्त ओळखपत्राचा फोटो स्पष्ट नाही. तीन दिवसांत नवा फोटो पाठवा, नाहीतर निकाल देता येणार नाही.

तीन दिवस संपून गेले होते. दुव्यावर बोट दाबलं तर मुदत संपल्याचं पान आलं. परीक्षावाल्यांना मी उलट मेल लिहिला, माझ्या तोडक्या इंग्रजीत. ठरावीक साच्याचं उत्तर आलं, नवीन परीक्षा द्यावी म्हणून.

तेव्हाच तिला फोन करून खरं सांगितलं असतं तर महिन्यातले पंधरा-सोळा दिवस शिल्लक होते. ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसली असती. तिच्या स्वतःच्या ईमेलवर, दिवसाच्या चांगल्या उजेडात. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. तिला काय वाटेल याचा विचार मी केला नाही. माझ्या मनात एकच आलं, की आता तांडाभर होईल, याच्या हातचा फॉर्म वापस आला.

दुसऱ्या दिवशी ती ड्यूटी संपवून स्वतःच आली. काउंटरला तीन-चार गिऱ्हाइकं. "काका, आलं का?" तिनं काचेला विचारलं. तिची ती खाली गेलेली मान पाहिली आणि उत्तर तयार होऊन तोंडात आलं. ते मला शोधावंही लागलं नाही. तिनंच पंधरा दिवसांपूर्वी माझ्या हातात दिलं होतं.

"बाद झाली, बाई. तू खाली पाहिलं. कॅमेऱ्यानं पकडलं."

तिनं एक प्रश्नही विचारला नाही. मेल दाखवा म्हणाली नाही. तोंडावर जे उमटलं ते आश्चर्य नव्हतं, ओळख होती. जणू हे होणार हे तिला ठाऊकच होतं. "हो काका, झालं असंल तसं." मी मागून म्हणालो, "पुन्हा देता येते." ती पायरीवर थांबली. "परत तसंच होईन, काका." आणि गेली. महिना संपला. तिची जागा दुसऱ्या कुणाला गेली, हे तिच्या वडिलांनी मला बसस्थानकावर सांगितलं. वर मलाच म्हणाले, "तुमी तं लय केलं भाऊ तिच्यासाठी. तिच्या नशिबात नव्हतं."

हिवाळ्यात तिची आई सेंटरवर आली. कधी न पाहिलेली बाई, हातात तुरीच्या हिरव्या शेंगांची पिशवी. "पोरीनं सांगतलं, काकाले देऊन ये. उकडून खा, मीठ टाकून." पिशवी काउंटरवर ठेवून बसची वेळ झाली म्हणून लगेच निघाली. घरी बायकोनं शेंगा उकडल्या. मी पोटात दुखतं म्हणून जेवायलाच बसलो नाही. पोटात काही दुखत नव्हतं.

खरंच दुखलं ते एप्रिलमध्ये. आमच्या भागात उन्हाळा लागला की मुतखड्याची माणसं दवाखान्यात रांगेनं येतात, त्यांतला मी एक. बायको मला रिक्षात घालून घेऊन गेली तो तिचाच दवाखाना, हे वॉर्डात गेल्यावर कळलं. सलाइन लावायला तीच आली.

"काका? तुमी काहून इथं?" मनगटावर शीर शोधता शोधता तिनं विचारलं. सुई आत गेली, चिकटपट्टी लागली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. सरळ, माझ्या डोळ्यांत. नजर हलेना. मलाच वर छताकडं पाहावंसं वाटलं.

"पाहून राह्यले न काका?" ती हसून म्हणाली. "आता मी खाली नाही पाहत."

"हाव, दिसते तं."

"घरी भिंतीवर टिकली लावली. बरोबर डोळ्यासमोर. ड्यूटीवरून आली का अर्धा तास तिच्याकडं पाहायचं आन् इंग्रजीत बोलायचं. याडी म्हनते, पोट्टी भितीसंगं बोलून राह्यली, हिले कोनाले तरी दाखवा." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"मंग आता देते का परीक्षा?"

तिनं सलाइनचे थेंब मोजून चाक फिरवलं. "नाही काका. अजून मधात मधात पापनी लवते. डोळे पक्के झाल्याशिवाय नाही देनार."

मी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं दुखतंय. तिनं डॉक्टरांना विचारून आणखी एक इंजेक्शन दिलं.

पापणी लवणं हा दोष नाही, आणि ती परीक्षा डोळ्यांमुळं गेलीच नव्हती, हे तिला कोण सांगणार होतं? जगात हे सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो तिच्याकडून सलाइन लावून घेत होता.

खडा पडला, घरी आलो. आमच्या न्हाणीघरातल्या आरशावर बायकोच्या दोन-तीन टिकल्या कायम चिकटवलेल्या असतात. इतकी वर्षं त्या मला कधी दिसल्या नव्हत्या. आता दाढी करताना रोज दिसू लागल्या. एका सकाळी अर्ध्या दाढीनं बाहेर आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. ऐकून घेतलं. माझी समजूत काढील अशी मला आशा होती.

"मले कायले सांगता?" ती म्हणाली. "जिले सांगाचं तिले सांगा. आन् ते शेंगा मी खाल्ल्या न बावा, मले माहीत असतं तं घशाखाली उतरल्या असत्या का?"

मे महिन्यातल्या एका रविवारी मी तांड्यात गेलो. सकाळचे नऊ वाजले होते, तरी ऊन तापलं होतं. तिच्या घरापुढं लिंबाच्या सावलीत खाटेवर कापड पसरलेलं, आई आणि ती सोऱ्यानं कुरडया घालत होत्या. दारातून आतली भिंत दिसत होती. टिकली लाल होती.

वडील पुढं आले. "या भाऊ, या! रस्ता चुकले का आज? व पोरी, पानी आन काकाले."

"पानी मंग पितो," मी म्हणालो. "आधी काही दाखवायचं आहे."

तो मेल मी पुसला नव्हता. का नव्हता, मला सांगता येणार नाही. मोबाइलवर काढून तिच्यापुढं धरला. तिनं चिकाचे हात ओढणीला पुसले आणि मोबाइल घेतला. मग मोठ्यानं वाचू लागली, इंग्रजीत, जुलैतल्या त्या आवाजात. आक्षेप नाही, हे वाक्य आलं तिथं ती थांबली. मागं जाऊन पुन्हा वाचलं. मग वरची तारीख पाहिली, आणि तो ज्या ईमेलवर आला होता तो पाहिला.

"काय लिवलं व त्याच्यात?" वडिलांनी विचारलं.

ती त्यांच्या बोलीत बोलली. मला फार थोडं समजलं. 'काका' हा शब्द तेवढा दोनदा ऐकू आला. तिचा आवाज मात्र ओळखता येत होता, आणि आज तो कापत होता. आईचा हात सोऱ्यावर थांबला. चिकाची एक तार खाली लोंबत राहिली आणि तुटली.

वडिलांनी डोक्याचा रुमाल काढला, झटकला, पुन्हा बांधला. मग घरातली खुर्ची आणून माझ्यापुढं ठेवली.

"बसा, साहेब," ते म्हणाले.

आजवर मी त्यांचा भाऊ होतो. मला बसवेना.

मी बोलायला सुरुवात केली. विम्याची गर्दी होती, मेल खूप असतात, सेंटरची रीतच तशी असते. बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की मी माझ्या चपलांशी बोलतो आहे. ती मधेच म्हणाली, "काका, रीत राहू द्या. एक सांगा. मी खाली पाहिलं होतं का नव्हतं?"

"नव्हतं," मी चपलांना सांगितलं.

"वर पाहून सांगा."

मी मान वर केली. ती समोर उभी होती, हाताला चीक वाळत होता, आणि तिची पापणी लवत होती, भराभर, जशी कुणाचीही लवते.

"तू नाही पाहिलं खाली," मी म्हणालो. "एकदाही नाही. मी फटीतून तीनदा पाहिलं, तू समोरच पाहत होती. तुहे डोळे तवाबी चांगले होते. फोटो मी खराब काढला. ईमेल मी माहा टाकला, तू तुहा देत होती तरी. मेल मी पाहिला नाही, आन् माह्या नावाले बट्टा लागू नये म्हनून ते सारं तुह्या डोळ्यांवर ढकललं. तुही जागा माह्यामुळं गेली. मले माफ कर, बाई."